फोटोपुरता चुडा

"हात ढिला सोडा, माय. काच हाय," आई म्हणाली आणि मॅडमच्या हातात हिरवी बांगडी अलगद सरकली.

आज निलंग्यात सरकारी 'गावातच खरेदी दिवस'. आमच्या नववीची रॅली घसा फोडून ओरडत बाजारात आलेली, सगळ्यात पुढे मी! आणि तालुक्याच्या मोठ्या मॅडम खरेदीला कुणाच्या दुकानात बसल्या? आमच्या! माझ्या आईच्या, गुरम्मा बांगडीवालीच्या!

हात भरून झाले की बाया आईला नमस्कार करतात. मॅडमनीही केला.

"मॅडम, अजून एकदा," फोटोवाला म्हणाला. त्या पुन्हा वाकल्या. मग बांगड्या उतरवू लागल्या.

"अवो, भरलेल्या बांगड्या काढत न्हाईत!" आई घाबरली. "पैसे नका देऊ, पण राहू द्या हातात."

"ऑफिसात वाजतात हो या. तुमचा माल तुम्हालाच परत, नुकसान कुठंय?" मॅडमनी बांगड्या समोरच्या ट्रेमध्ये, बाकीच्या हिरव्या बांगड्यांत टाकल्या आणि उठल्या.

त्याच ट्रेमधून शिवकांताचा लग्नाचा चुडा भरायचा होता. ती आणि तिची आई शेजारीच बसलेल्या.

"गुरम्मा, ह्यातल्या उतरवलेल्या कोणत्या?" तिच्या आईने विचारलं.

माझ्या आईने ट्रे चाळला. सगळ्या एकसारख्या. 'ह्या काठच्या' म्हणाली असती तर खपून गेलं असतं.

"वळखू येईनात. नवरीला यातली एकबी भरणार न्हाई मी."

"मग लातूरलाच जावं लागंल, बाई. उद्या हळद हाय." दोघी मायलेकी उठल्या.

माझं डोकंच फिरलं. ट्रे उचलून मी मॅडमच्या जीपमागे धावले.

"मॅडम, तुमच्या कोणत्या त्या घेऊन जा!"

त्या हसल्या. "मला काय माहीत, बाळा? सगळ्या सारख्याच तर आहेत."

"मग सगळ्याच घ्या! खरेदी दिवस हाय ना?"

काच वर गेली. जीप सुटली. मागून सर ओरडले, "वर्षाराणी, रांगेत ये! घोषणा कोण देणार?"

घोषणा? मी ट्रे डोक्याच्या वर उचलला. असा आपटणार होते की अख्ख्या बाजाराला ऐकू गेलं असतं.

आईने मागून माझी मनगटं धरली.

"फोडू नको."

"कामून? आता इकणार हायेस का ह्या?"

"न्हाई." तिने ट्रे हळूच काढून घेतला. "पण त्या बाईच्या हातच्या हायेत यात. सवाष्ण हाय ती."

दुकानात जाऊन तिने ट्रेवर धुतलेलं फडकं झाकलं, स्टुलावर चढली आणि तो सगळ्यात वरच्या फळीवर सरकवला. माझा हात पोचणार नाही, इतका आत.