धाकटीच्या नावाची रेकॉर्ड

थोरली यायला तयारच नव्हती.

"तुझी चिमणी चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय," ती म्हणाली, "आता तीच ऐकायला तीन जिने चढू?"

धाकटीनं थोरलीचे बूट पुसून दाराशी ठेवले. तेव्हा थोरली कुरकुरत उठली. दोघी बहिणी एकाच घरात राहत होत्या, कारण दोघींचे नवरे गेले होते आणि दोघींना आणखी कुणी सहन केलं नसतं. हे थोरलीचंच म्हणणं.

चिमणी म्हणजे धाकटीची रेकॉर्ड. डिस्कोचे दिवस होते. बावीस वर्षांच्या धाकटीनं एक गाणं गायलं आणि त्याची बारा इंची रेकॉर्ड निघाली. तीनशे प्रती, मधल्या गोल कागदावर धाकटीचं नाव. दीड वर्ष ती नाचघरांतून त्या रेकॉर्डवर ओठ हलवत नाचली. मग डिस्को मागे पडला, आणि ती चष्म्याच्या दुकानात लागली ती निवृत्त होईपर्यंत. रेकॉर्डवरचा आवाज मात्र फार बारीक होता. धाकटीलाही तो आपला वाटला नव्हता. पण रेकॉर्ड काढणारा म्हणाला होता, "टेपवर सगळ्यांचाच असा येतो, बाई." आणि थोरली पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, "ही तर चिमणी." झालं. घरात, नातेवाइकांत, भाच्यापुतण्यांत तेच नाव पडलं. धाकटी हसण्यावारी न्यायची. पण हसण्यावारी नेणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

यंदा एका दाढीवाल्यानं तिला शोधून काढलं. त्याची छोटी कंपनी जुनी डिस्को गाणी पुन्हा रेकॉर्डवर काढायची, आणि हाउस या आजच्या नाचसंगीताची नवी गाणीही. त्याच्या सांगण्याप्रमाणे कुणा हाउसवाल्यानं धाकटीच्या गाण्यातल्या दोन ओळी उचलून आपल्या गाण्यात पुन्हा पुन्हा फिरवल्या होत्या, आणि तेव्हापासून जुन्या प्रतीसाठी लोक जिवाचं रान करत होते. त्याला फक्त परवानगीच्या कागदावर सही हवी होती. धाकटीनं पहिल्याच दिवशी केली असती. पण ती म्हणाली, "आधी रेकॉर्ड चांगली करून माझ्या बहिणीला ऐकवा. मग सही."

एकदा, फक्त एकदा, ताईनं 'छान गायलीस' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. सहासष्टाव्या वर्षी हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही.

दाढीवाल्याचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एका पुस्तकबांधणीच्या दुकानावर. बाहेरच्या खोलीत दाढीवाला आणि कागद, आतल्या खोलीत रेकॉर्ड कापायचं यंत्र आणि ते चालवणारी मुलगी. खाली कागद कापायचं मशीन धडधडायला लागलं की वर सुई हलायची, म्हणून ही मुलगी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच काम करायची. दोघी पोचल्या तेव्हा ती नव्या काळ्या चकतीवर खाच पाडत होती. सुईमागून केसासारखा बारीक धागा निघत होता आणि एक नळी तो शोषून घेत होती.

"हे शेवया करतायत का?" थोरलीनं विचारलं.

"शेवया टाकून देतो, आजी. चकती ठेवतो." मुलगी म्हणाली आणि यंत्र थांबवून दोघींना खुर्च्या दिल्या. मग धाकटीकडे वळली. "तुम्हाला एक सांगायचंय. तुमचं गाणं जोरात पळवलेलं आहे."

"म्हणजे?"

"मूळ टेप मिळाली नाही. एका संग्राहकाच्या रेकॉर्डवरून उतरवून घेतलं. गाणं सुरू व्हायच्या आधी तीन सेकंद शांतता आहे. तिथं एक गुणगुण ऐकू येते. स्टुडिओतल्या विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते, तेव्हा ही गुणगुण पन्नासची असायला हवी. इथं ती साडेत्रेपन्न आहे."

"तुमचं यंत्र पळत असेल," थोरली म्हणाली. तिनं तीस वर्षं लाँड्री सांभाळली होती आणि यंत्रांवर तिचा विश्वास नव्हता.

मुलगी खूश झाली. "मलाही तेच वाटलं होतं. पण ती रेकॉर्ड ज्या जुन्या यंत्रावर कापली त्याचीही गुणगुण त्याच शांततेत आहे, आणि ती बरोबर पन्नासला दिसते. म्हणजे टेपच शंभराला सात या हिशोबानं पळवली. मिनिटाला एकशे चौदा ठोके होते, त्याचे एकशे बावीस केले. नाचायला बरं. आवाज मात्र बारीक होतो."

धाकटी खुर्चीत सरसावून बसली. "म्हणजे माझा आवाज तसा नव्हता?"

"नव्हताच. लावू?"

दाढीवाला दाराशी येऊन उभा राहिला. मुलीनं बटण दाबलं.

आधी ढोल, मग बेस, दोन्ही ओळखीचे पण जडावलेले, जेवून उठल्यासारखे. धाकटीनं बोटं गुंफून घेतली. आणि आवाज आला. भरलेला, कडेला जरासा खरखरीत, कसलीही घाई नसलेला. 'सांज सरली, सैल झाले पाय...'

पहिल्या ओळीला धाकटीच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीला तो उतरला. प्रत्येक 'स'च्या टोकाला एक बारीकशी शिट्टी होती.

ही शिट्टी तिनं लहानपणभर ऐकली होती, हाक मारताना, रागावताना, गोष्ट सांगताना. थोरलीचा पुढचा दात झोक्यावरून पडून तुटला होता आणि तिशीपर्यंत तिनं तो बसवून घेतला नव्हता.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. गाणं धाकटीला शिकवलं होतं थोरलीनंच, कारण तिच्या डोक्यात चाल पक्की बसायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी, टेप चालू असताना, वादकांना सूर कळावा म्हणून थोरलीनं ते एकदा म्हणून दिलं आणि ती कामावर निघून गेली. दुपारी धाकटी गायली, सहा वेळा. रेकॉर्ड काढणाऱ्यानं सकाळचंच ठेवलं आणि पळवलं. पळवल्यावर कोण ओळखणार? आणि छापायला नाव, नाचायला चेहरा त्याच्याकडे होताच.

गाणं संपलं. थोरली चकतीकडून धाकटीकडे वळली.

"अगं," ती म्हणाली, "तू अशी गायचीस?"

धाकटीनं गुंफलेली बोटं सोडली नाहीत.

"किती सुरेख. एवढा मोठा आवाज या एवढ्याशा पोरीचा. आणि मी मेली सगळ्यांदेखत चिमणी, चिमणी." थोरलीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलं माझं."

थोरलीच्या तोंडून हे दोन शब्द धाकटीनं जन्मात ऐकले नव्हते. ते तिनं आत जाऊ दिले.

"एकच विचारायचं होतं," मुलगी म्हणाली. "सगळ्या 'स'वर एक शिट्टी येते. खाच झिजली की असं होतं. काढून टाकू का? दहा मिनिटांचं काम आहे, पत्ताही लागणार नाही."

"काढा की," दाढीवाला म्हणाला आणि कागद व पेन त्यानं धाकटीपुढे धरलं. 'गायिका' या शब्दापुढे तिचं नाव छापलेलंच होतं.

"कर ना सही," थोरली म्हणाली. "वाट कसली बघतेस? मी तर नातवाला सांगणार आहे, बघ माझी बहीण कोण होती."

धाकटीनं पेन हातात घेतलं. 'काढा' म्हणायचं, बस. ताई आयुष्यभर हेच म्हणत राहील, चारचौघांत सांगेल, आणि खोटं पाडायला जगात कुणी नाही. ती स्वतः सोडून.

"काढू नका," ती म्हणाली. "तो दात आहे."

"कसला दात?" मुलीनं विचारलं.

"हिचा." धाकटी वळली. "ताई, ही तू आहेस."

"उन्हात चालून आलीस म्हणून असं होतंय. पाणी दे गं हिला."

"सकाळी तू म्हणून दिलं होतंस, आठवतं? वादकांसाठी. ते हे आहे."

"मला माझा आवाज कळत नाही होय?"

"नाही कळत, आजी," मुलगी हळूच म्हणाली. "कुणालाच कळत नाही. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, तो जाडसर वाटतो. बाहेरचा ऐकला की परका वाटतो."

तिनं ती ओळ पुन्हा लावली. सांज. सरली. सैल. थोरलीची जीभ नकळत त्या दाताकडे गेली, जो आता पोर्सेलिनचा होता. धाकटीला ते ओठांवरून दिसलं.

मग थोरलीच्या नाकातून एक आवाज निघाला. ती हसत होती.

"म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःलाच नावं ठेवत होते."

"सगळ्यांदेखत."

"आणि तू ऐकून घेतलंस, मेंगळट कुठली." पण हसू अर्ध्यातच विरलं. "आणि तू गायलीस ते? दुपारचं?"

"ते राहिलंच असलं तर टेपवर. टेपच नाही."

थोरलीनं मुलीकडे बघितलं. मुलीनं नकारार्थी मान हलवली.

"मग दोघींचं नाव घाला," थोरली दाढीवाल्याला म्हणाली.

"नको," धाकटी म्हणाली. "मी त्यात नाहीये, ताई. उगाच पुस्ती नको." तिनं छापलेलं नाव खोडलं आणि वर थोरलीचं लिहिलं, दुकानात चष्म्यांचे नंबर लिहायची तशा सुबक अक्षरात. पेन थोरलीच्या हातात दिलं.

दाढीवाला घसा खाकरत म्हणाला, "नावाचं बघू. पण वेग? लोकांना एकशे बावीसचीच सवय आहे. आजची सगळी हाउसची गाणी त्याच्याच आसपास असतात, एकातून दुसरं जोडता येतं. एकशे चौदावर कोण नाचणार?"

"मी चिमणी होऊन पुन्हा बाहेर पडणार नाही," थोरली म्हणाली. "त्यांना म्हणावं, जरा दमानं नाचा." आणि तिनं सही केली, पूर्ण नावाची, नवऱ्याच्या आडनावासकट, सावकाश.

दाढीवाला धाकटीकडे बघत राहिला, ती तरी काही बोलेल म्हणून. ती म्हणाली, "माझ्याकडे नका बघू. गायिका ती आहे."

खालचं मशीन पुन्हा धडधडायला लागलं होतं. दोघी जिना उतरू लागल्या, थोरली कठड्याला धरून, धाकटी एक पायरी पुढे, कारण थोरलीचा गुडघा कधीही दगा द्यायचा. पहिल्या वळणावर थोरली गुणगुणू लागली. आवाज आता फाटलेला होता, पण चाल पक्की होती. दुसऱ्या वळणावर ती थांबली.

"तू का गप्प?"

"तुझं गाणं आहे. म्हण तू."

"मागून दुसरा आवाज धर."

"मला नाही येत दुसरा आवाज. मी कायम पहिलाच गायले."

"ते दिसलंच आज," थोरली म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर हात टेकवून पुढची पायरी उतरली. "मी म्हणते ती पट्टी ऐक. तिच्या खाली राहायचं. चुकलीस तर सांगेन."

धाकटी चुकली. थोरलीनं सांगितलं. मग त्यांनी त्याच पायरीवर उभं राहून पुन्हा सुरुवात केली.