दीड तासाचा मंगळ

माझं पोट तपासणीवर चालतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमची एक छोटी लॅब आहे. तिथे कोल्ड स्टोरेजचे थर्मामीटर, बेकऱ्यांचे वजनकाटे, दवाखान्यांची ब्लडप्रेशरची यंत्रं येतात. ती बरोबर मोजतात का हे आम्ही बघतो आणि सही करतो. या कामाचा एक नियम आहे. यंत्र चुकीचं निघालं तर ते नुसतं दुरुस्त करून भागत नाही. त्यानं आजवर मोजलेलं सगळंच संशयास्पद ठरतं आणि तसं मालकाला लेखी कळवावं लागतं. असली पत्रं मी आठवड्याला दोन-तीन तरी पाठवतो. ती कोणालाच आवडत नाहीत.

तेव्हा पत्रिकेबद्दल माझं मत काय असणार हे उघड आहे. ज्याची कधी कोणी तपासणी केली नाही त्या आकड्यांवर पोरीबाळींची लग्नं ठरवायची आणि मोडायची, हा शुद्ध आचरटपणा आहे, असं मी तीस वर्षं घरात, लॅबमध्ये आणि मंडळाच्या गणपतीत सांगत आलो. ऐकतो कोण?

माझी बायको संजना तर मुळीच नाही. तिचं म्हणणं असं, "अहो, ग्रह काही करत नाहीत, ते फक्त दाखवतात. घड्याळ वेळ करतं का? ते दाखवतं."

"घड्याळ मला तपासता येतं," मी म्हणायचो.

"मग तपासा की ग्रह," ती म्हणायची आणि भाजी निवडायला घ्यायची.

आमची मुलगी समिधा इथेच जन्मली, इथेच वाढली, आता अठ्ठावीस वर्षांची आहे. ती झाली त्याच महिन्यात गुहागरच्या गद्रे गुरुजींनी पत्रिका करून पाठवली होती. मंगळ अष्टमात. मुलीच्या पत्रिकेत याहून वाईट जागा नाही म्हणतात, कारण तो नवऱ्याच्या आयुष्यावर येतो. मी तेव्हा हसलो होतो. पंचविसाव्या वर्षी तिला स्थळं येऊ लागली आणि माझं हसू ओसरलं. शारजाचे लोक चहा पिऊन गेले आणि कळवतो म्हणाले. पुण्याच्या मंडळींनी निदान खरं सांगितलं. अबुधाबीचा एक मुलगा तर तिच्याशी दोन महिने बोलत होता, मग आईनं पत्रिका बघितली आणि त्यानं बोलणंच टाकलं. समिधा वरवर "इट्स फाइन, बाबा" म्हणाली. नंतर तिच्या खोलीचं दार दोन दिवस बंद होतं. त्या दोन दिवसांत मी सगळ्या नवग्रहांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

मग सुदेश आला. मूळचा खेडचा, अबुधाबीत बँकेत. त्याच्या आईला, तानुबाईंना, मंगळाचीच मुलगी हवी होती. कारण सुदेशलाही मंगळ आहे, सप्तमात, आणि दोघांना असला की एकाचा मंगळ दुसऱ्याच्या मंगळाला खातो. साधी मुलगी केली तर ती दगावते, असं कोणीतरी बाईंच्या डोक्यात घातलेलं. पाच वर्षं त्या मंगळाची सून शोधत होत्या. त्या मंगळापायी आमच्या पोरीला तीनदा नकार आले आणि चौथ्यांदा तोच स्थळ घेऊन दारात आला. फेब्रुवारीत पत्रिका जुळल्या, मार्चमध्ये साखरपुडा झाला. विशेष म्हणजे ती दोघं एकमेकांना खरंच आवडली. दर वीकेंडला तो अबुधाबीहून गाडी हाणत डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्याकडे येतो आणि दोघं तासन् तास काय बोलतात देव जाणे. पोरगी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसते. असं तिला हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

साखरपुड्यापासून संजनानं मंगळवार धरले. दिवसभर नुसतं पाणी, रात्री दूध, तेही चंद्र असेल तर तो बघूनच. मंगळवार म्हणजे गणपतीचा, नवस बोलली असेल, असं मी धरून चाललो. "वजन कमी करायचंय तर जिमला जा, बाप्पाला कशाला मध्ये घेतेस?" असं मी प्रत्येक मंगळवारी न चुकता विचारत असे. ती आपली पाण्याचा ग्लास भरून घेत असे.

डिसेंबरात रत्नागिरीत लग्न. त्यासाठी समिधाचा जन्माचा दाखला हवा होता, म्हणून नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी जुनी फाइल काढली. दाखल्याच्या मागे एक गुलाबी कार्ड चिकटलेलं होतं. हॉस्पिटलात बाळाच्या पाळण्याला लावतात ते. आईचं नाव, वजन, आणि वेळ: सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

पत्रिकेत अकरा पन्नास आहे, हे मला पाठ होतं. तीन स्थळांना व्हॉट्सअ‍ॅपवर मीच पाठवली होती ना.

एरवी दीड तासाचा फरक बघून मी म्हटलं असतं, लिहिणाऱ्याची चूक. पण दीड तास ऐकला की इथल्या माणसाला दुसरंच काही आठवतं. मी या देशात आल्यापासून घरी फोन केला की दीड तास मिळवूनच बोलतो. दिरहमचे रुपये करून सांगतो तसंच, न विचार करता. त्या दिवशी फोनचं कार्ड घासून मी गुहागरला भावाला सांगितलं होतं, मुलगी झाली, अकरा पन्नासला. म्हणजे तिकडच्या अकरा पन्नासला. भावानं गुरुजींना सांगितलं, दुबई, अकरा पन्नास. गुरुजींनी ती दुबईची वेळ धरली. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. चूक फक्त माझी होती.

फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये खरी वेळ टाकली. लग्नरास एक घर मागे गेली आणि मंगळ अष्टमातून उठून नवमात जाऊन बसला. तिथे तो कोणाला काही करत नाही.

म्हणजे समिधाला मंगळ कधी नव्हताच.

पहिल्यांदा मला आनंदच झाला, आणि तो फार चांगल्या जातीचा नव्हता. तीस वर्षं वाद घालून जे जमलं नाही ते एका गुलाबी कार्डानं जमवलं होतं. गुरुजी आता नाहीत, पण मुलगा तेच काम कंप्यूटरवर करतो. मी त्याला फोन लावला. एका मित्राची मुलगी म्हणून खरी वेळ दिली आणि स्वभाव सांगायला सांगितलं. "हुशार, मनातलं पटकन बोलणार नाही, घरापासून लांब शिक्षण, लग्नाला उशीर, पण बापावर जीव," तो म्हणाला. मी जुनी पत्रिका काढून बघितली. त्याच्या वडिलांनी लिहिलं होतं: बुद्धिमान, अबोल, परदेशी वास्तव्य, विवाहास विलंब, पित्याची लाडकी. दोन वेगळ्या मुली आणि दोघी माझ्याच. या विद्येचं हेच गुपित आहे, कोणताही अंगरखा कोणालाही बसतो, असं मी त्याला ऐकवणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त काका, हिला मंगळाचा मुलगा करू नका हं. तेवढं सांभाळा."

माझा आनंद तिथे संपला.

तानुबाईंना हे कळलं तर लग्न मोडणार, त्यात शंकाच नव्हती. आणि न कळवलं तर? माझ्या मते काहीच नाही. थोतांड ते थोतांड, दहा वीसलाही आणि अकरा पन्नासलाही. मग ते कार्ड परत फाइलमध्ये ठेवताना माझा हात का अडला, हे मला सांगता येईना.

सोमवारी लॅबमध्ये हनीफला सांगितलं. हनीफ रत्नागिरीचाच, माझ्याबरोबर बावीस वर्षं. ऐकून त्यानं एकच विचारलं.

"तुझा बिलीफ नाही ना यावर?"

"नाही."

"मग खलास. किस्सा क्लोज कर, भाई."

"पण त्यांचा आहे ना. आपण मशीन आउट निघालं की पार्टीला लेटर देतो का नाही?"

"अरे, ते मशीन असतं," हनीफ म्हणाला. "ज्याला तू मशीनच मानत नाहीस त्याचं लेटर कसलं? का मानतोस थोडंसं? सच बोल."

मी त्याला कामाला लाग म्हणालो.

त्याच्या प्रश्नानं मी चांगलाच चिडलो. कारण शनिवारपासून माझ्या डोळ्यांसमोर सारखा अबुधाबीचा रस्ता येत होता, आणि त्यावरून जाणारी सुदेशची पांढरी गाडी, आणि तिच्यात शेजारी बसलेली समिधा. बारा वर्षं मी त्या रस्त्यानं लॅबच्या कामाला गेलोय. कधी काही वाटलं नाही. आता मात्र गद्र्यांच्या पोराचं ते "तेवढं सांभाळा" कानातून जाईना.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा संजना डायनिंग टेबलावर आहेराची यादी करत होती. समिधा अजून क्लिनिकमधल्या नोकरीवरून यायची होती. मी कार्ड संजनापुढे ठेवलं आणि फोन, भाऊ, दीड तास, सगळं एका दमात सांगितलं. ती रडेल, कपाळावर हात मारून घेईल, अशी माझी तयारी होती.

तिनं चष्मा वर करून कार्ड बघितलं. "हे कुठे सापडलं हो? मला वाटलं शिफ्टिंगमध्ये गेलं."

"संजना, वेळ बघ."

"दहा वीस. मला काय दाखवताय? बाळंत मी झाले होते." तिनं कार्ड यादीखाली सरकवलं. "अकराला तुम्ही इडल्या घेऊन आलात तेव्हा पोरगी माझ्या कुशीत होती. मग ती अकरा पन्नासला कशी होईल?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"इतकी वर्षं पत्रिकेतली वेळ बघितली कोणी? मंगळ आहे म्हटल्यावर मी पुढचं वाचलंच नाही. तानुबाईंना पाठवायची होती तेव्हा बघितली, फेब्रुवारीत. खरी वेळ घालून पुन्हा मांडूनही बघितली."

फेब्रुवारी म्हणजे नऊ महिने. मी खुर्ची ओढून बसलो.

"तुला कळलं होतं, की तिला मंगळ नाही आणि त्याला आहे. तुझा तर सगळ्यावर विश्वास आहे. तरी तू पाठवलीस?"

"पाठवली."

"का?"

"ते शारजावाले गेले, पुण्याचे गेले, तो तिसरा तोंड लपवून गेला. ती दार लावून बसली होती ते तुम्हीही बघितलंत." ती यादीवर एक नाव खोडत होती, ते खोडून झालं तरी पेन फिरतच राहिलं. "पत्रिका पाठवायच्या आधी सुदेश पहिल्यांदा येऊन गेला, त्या दिवशी ती भांडी घासताना गाणं म्हणत होती. मग मी काय करायला हवं होतं? जाऊन सांगायचं, की बाई, तुझी पत्रिका चांगली निघाली, आता ह्याला सोड?"

जे मी माझ्या अविश्वासाच्या जोरावर करायला कचरत होतो, ते हिनं पूर्ण विश्वास ठेवून केलं होतं.

"आणि तिला काही झालं तर?" मी विचारलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याची मला लाज वाटली, पण ते निघालं.

"तिला काही होणार नाही." ती इतक्या खात्रीनं म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं. "मी मंगळवार कशाला धरलेत? तुमचं जिम जिम चाललंय दर आठवड्याला. बाप्पाला सांगितलंय मी. लबाडी माझी आहे, पोरीची नाही. जे काय यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे."

"आणि बाप्पानं ऐकलं?"

"इन्शाल्ला म्हणतात ना इथे," ती म्हणाली आणि हसली. मग उठून गॅलरीत गेली, चंद्र दिसतो का बघायला. समोरच्या इमारतीमुळे तो आमच्याकडे उशिरा दिसतो. ती कठड्याला धरून उभी होती. पाठमोरी ती मला बारीक दिसली. आठ महिने हे माझ्या समोर चाललं होतं आणि मी त्यावर विनोद करत होतो.

सगळं थोतांड आहे, हे मी तिला सांगायला हवं होतं. ते माझं हक्काचं वाक्य होतं. त्याऐवजी मी उठून तिचं दूध तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी ब्लडप्रेशरचं एक यंत्र घेतलं आणि स्टँडर्डला, म्हणजे प्रमाण यंत्राला, लावून दोनदा तपासलं. काटा केसभरही इकडेतिकडे नव्हता. ते मी घरी आणलं आणि संजनाला सोफ्यावर बसवून तिच्या दंडाला पट्टा बांधला.

"हे कशाला आता?"

"असंच. बस गप."

एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. याहून चांगला आकडा मागूनही मिळणार नाही. यंत्र बरोबर होतं, सही माझीच होती. तरी मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि पुन्हा हवा भरली.

"झालं ना?" ती म्हणाली.

"हात हलवू नकोस," मी म्हणालो आणि तिसऱ्यांदा मोजायला घेतलं. मला भीती वाटत होती.