न पाहिलेलं गोल्ड

प्रशिक टीव्हीसमोर आला की विकेट पडते. ही अफवा नव्हती, घरात सिद्ध झालेली गोष्ट होती. त्याच्या बाबांनी, गुलाबरावांनी, ती कामावर, रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या प्लांटमध्येही सांगून ठेवली होती. तिथले लोक मॅचच्या दिवशी हमखास विचारायचे, "पोट्टा कुठं आहे?"

त्या दिवशी एशियाडमधली महिला क्रिकेटची फायनल होती. समोर श्रीलंका. प्रशिक नुसता चार्जर घ्यायला दारात आला आणि आपली चांगली जमलेली बॅटर आऊट.

"निघ!" बाबा ओरडले. "गोल्ड घालवतं का बे?"

"चार्जर तं घेऊ द्या."

"अंगणात फेकतो. निघ!"

निघाला. खरं सांगायचं तर त्याला हे आतून आवडायचं. ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नव्हतं, चहाच्या टपरीवरही दोनदा हाक मारावी लागायची. पण तिकडे चीनमध्ये उभ्या असलेल्या बाईची दांडी याच्या एका नजरेनं उडते! एवढी पॉवर मुख्यमंत्र्याकडे तरी असते का?

आज त्याला कामही होतं. बहिणीची, नीलिमाची, राज्याच्या ज्युनियर टीमसाठी ट्रायल होती, नवा रायपूरच्या मैदानावर. ती लेगस्पिन टाकायची. कोच प्रशिक. हा कोच शाळेच्या टीममध्येही कधी नव्हता. मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकला आणि तेच तिला शिकवलं. गुगलीसुद्धा. ती वळायची नाही, सरळ जायची. पण दोघं तिला गुगलीच म्हणायचे.

तिकडे बस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून स्कूटीवर गेले. एवढा रुंद रस्ता आणि त्यावर ही दोघंच, एखाद्या मंत्र्याच्या ताफ्यासारखी.

नीलिमाचा नंबर आला तेव्हा प्रशिक मैदानाकडे पाठ आणि पार्किंगमधल्या स्कूट्यांकडे तोंड करून उभा राहिला. ती धावतच आली.

"दादा, काय करून राहिला?"

"तुह्याकडे पाहून नाही राहिलो. तुह्याच भल्यासाठी."

"आई-बाबा टीव्हीसमोर. इथं माह्यासाठी कोण आलं? तू. अन् तू स्कूट्या मोजून राहिला?"

"मी पाहिलं तं तुले सिक्स बसन न!"

"बसू दे." तिनं चेंडू पँटवर घासला. "अन् आयक, तुह्या पाहण्यानं काही होत नाही. एवढा मोठा माणूस नाहीस तू."

हे जास्त लागलं. पनवती असणं चालत होतं, निदान ती एक पोस्ट होती. आता तीही गेली.

तो वळला. पहिलाच बॉल, सिक्स. थेट स्कूट्यांवर. प्रशिकची मान आपोआप फिरायला लागली.

"इकडंच पाह!" नीलिमा पिचवरून ओरडली. सगळं मैदान प्रशिककडे पाहायला लागलं.

मग तिनं गुगली टाकली. नेहमीसारखी सरळ. समोरची पोट्टी बॉल वळेल म्हणून खेळली आणि बोल्ड. पुढं दोन चौके बसले, एक कॅच सुटला, पण प्रशिकनं डोळे हटवले नाहीत. पापणी मिटायचीही भीती वाटत होती.

शेवटी निवड करणाऱ्या दीदीनं नीलिमाला बोलावलं. "कल सेकंड राउंड है, आना। और ये सीधी वाली किसने सिखाई?"

"मेरे भैया ने। वो इसको गुगली बोलते हैं।"

दीदी पोट धरून हसली. प्रशिकही हसला, न हसून करतो काय.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. "गोल्ड! अरे गोल्ड आलं! तू पाहिलं नाही न?"

फायनल चालू आहे हे प्रशिक साफ विसरला होता. "नाही बाबा. एक बॉल नाही."

"शाबास पोट्ट्या! तुह्याच्यानंच जिंकलो!"

हे श्रेय खिशात घालायचा मोह झाला त्याला. आयुष्यातलं पहिलं गोल्ड होतं. पण शेजारी नीलिमा फोनला कान लावून उभी होती.

"बाबा, मी इथं नीलिमाले पाहून राहिलो होतो. पूर्ण वेळ. तरी तिनं बोल्ड केलं. उद्या दुसरा राउंड आहे."

बाबांनी तिकडे टीव्हीचा आवाज कमी केला.

"मंग इतके दिवस घरात पनवती कोण होतं?"

मागून आईचा आवाज आला, "तुम्हीच तं रोज टीव्हीसमोर बसून राहता."