दोन बोटं आत

"डोकं बाजूला घे, ताउनो. उजेड अडतोय," राइली म्हणाली आणि तिनं पिवळा दोरा दातांनी तोडला.

मी डोकं बाजूला घेतलं. राइलीच्या स्वयंपाकघरात माझा हुद्दा तेवढाच. वेलदोड्याचा गोड पाव खायचा, कॉफी प्यायची आणि सांगितलं की सरकायचं. दुसऱ्या दिवशी मात्र मी डोंगराच्या पायथ्याशी लाकडी खोपटात पंच म्हणून बसणार होतो आणि तिची मुलगी इलोना माझ्यासमोर उतार उतरणार होती. पंचानं खेळाडूच्या घरी जाऊ नये असा नियम आहे. आमच्या गावात माणसं तीनशे. नियम पाळायचा तर मला कॉफीला अस्वलांकडे जावं लागेल.

आमचा खेळ सोपा आहे. चांगला गुळगुळीत उतार घ्यायचा, त्यावर बर्फाची टेंगळं उठवायची, आणि मग ती टेंगळं जणू नाहीतच अशा थाटात स्कीवरून खाली यायचं. मध्ये दोन उड्या. निम्म्याहून जास्त गुण वळणांचे, आणि वळणांत पंच बघतो ते गुडघे. दोन्ही कसे चिकटलेले हवेत. आम्हा म्हाताऱ्यांना ते लांबून दिसावेत म्हणून काळ्या विजारीवर, बरोबर गुडघ्यांवर, भडक ठिगळं शिवतात.

इलोना बत्तीस वर्षांची. ती अकराची होती तेव्हापासून मी तिचे गुडघे बघतोय. चेहरा मला तेवढा ओळखीचा नाही. एकदा जपानमध्ये, विश्वचषकात, ती सातवी आली. गावाच्या पाटीवर तसं लिहायचं ठरलं होतं, पण पाटीवर जागा निघाली नाही. मग उजवा गुडघा दोनदा उघडून शिवला. तेव्हापासून डाव्या वळणावर तो डाव्याशी भांडण झाल्यासारखा बाजूला जातो. उद्या पहिल्या दोघींत आली तर राष्ट्रीय संघ. नाही आली तर वीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, असं सभ्य पत्र तिला आधीच आलं होतं.

राइलीनं इलोनाच्या विजारीवर डावं ठिगळ गुडघ्याच्या मधोमध ठेवलं. उजवं ठेवलं, दोन बोटं आत सरकवलं आणि टाके घालायला लागली. मी बघितलं. मी बघितलेलं तिनं बघितलं.

"इलोनाला माहीत आहे?" मी विचारलं.

"काय?" ती म्हणाली. "पाव घे अजून."

मी घेतला. तोंड भरलेलं असलं की माणसाला मत नसतं.

दुसऱ्या दिवशी शून्याखाली अठरा आणि लख्ख ऊन. पहिल्या फेरीत इलोनाची ठिगळं जुळ्या बहिणींसारखी एकमेकींना धरून खाली आली. खरा गुडघा कुठं होता ते मला ठाऊक होतं. माझ्या पेन्सिलीनं विसापैकी सोळा लिहिले. बाकीचे चार पंच परगावचे. त्यांनी तो पाव खाल्ला नव्हता, तरी त्यांनीही तेवढेच लिहिले. इलोना दुसरी.

मधल्या वेळात सगळे शेकोटीवर सॉसेज भाजत होते. तिचा प्रशिक्षक रेइयो फोनवर चित्रण दाखवत होता. "बघ, कसे चिकटलेत. दहा वर्षांत असे बघितले नाहीत मी."

इलोनानं बघितलं. पुन्हा बघितलं. मग खाली वाकून उजव्या ठिगळाच्या कडेवर बोट ठेवलं. सॉसेज तसंच टाकून ती माझ्याकडे आली.

"ताउनो काका, सकाळी किती दिलेत?"

"सोळा."

"मला की ठिगळाला?"

मी शेकोटीवरचं सॉसेज उलटवलं. ते आधीच उलटवलेलं होतं.

राइली कठड्याशी उभी होती. तिच्या कोटाच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई बारा महिने असते.

"आई, सुई दे."

"काय उसवलं?"

"अजून काही नाही." ती बाकावर बसली, कमरेचा चाकू काढला आणि टाके कापायला लागली.

"अगं थांब," रेइयो म्हणाला. "ठिगळ कुठं असावं ते काही बोटं मोजून लिहिलेलं नाही नियमात. कोणी विचारलंय का?"

"हा गुडघा घेऊन मी उतरते, रेइयो. तो कधी जातो ते मला कळतं. सकाळी गेला होता."

राइली हातमोजे काढून बर्फात गुडघ्यांवर बसली. "हे संपलं तर रोज सकाळी उठून जाशील कुठं?"

"दुकानात. स्की भाड्यानं द्यायला."

"ते आत्ताही देतेस."

"मग सोपंच आहे."

राइलीनं ठिगळ धरलं. "इथं?"

"बाहेर."

"इथं?"

"आई, गुडघा आहे तिथं."

त्या थंडीत उघडी बोटं आधी लाल होतात, मग पांढरी. एकदा सुई कापडाच्या पार, कातडीत गेली. इलोना हलली नाही. तिनं आईची टोपी कानांवर खाली ओढली, एवढंच.

अंतिम फेरीत पहिली उडी स्वच्छ पडली. मधल्या टप्प्यात, डाव्या वळणावर, उजवं ठिगळ बाजूला गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. वेग कमी केला असता तर गुडघा आवरता आला असता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिनं वेग कमी केला नाही. दुसरी उडी घेतली आणि पार शेवटपर्यंत तशीच, एक पिवळा ठिपका इकडे आणि एक तिकडे, उतरत राहिली.

मी तेरा लिहिले. तिच्याबाबतीत इतका खरा आकडा मी कधीच लिहिला नसेल, आणि लिहिलेल्या आकड्याचा मला इतका रागही कधी आला नव्हता.

ती चौथी आली.

संध्याकाळी जावं की नाही याचा मी बराच विचार केला, आणि विचार करत करतच राइलीच्या दारात पोहोचलो. दार इलोनानं उघडलं. "या काका. पाव कालचाच आहे," ती म्हणाली आणि लंगडत गुडघ्यावर ठेवायला बर्फ आणायला बाहेर गेली.

विजार चुलीवरच्या दांडीवर वाळत होती. उजव्या पायावर पिवळं ठिगळ, टाके वेडेवाकडे. त्याच्या शेजारी, दोन बोटं आत, सुईच्या भोकांचं रिकामं वर्तुळ.

मी नेहमीच्या खुर्चीत बसलो. राइलीनं माझ्यापुढे कॉफी ठेवली, समोर बसली, आणि तिची ती सुजलेली बोटं टेबलावर तशीच ठेवली.

"डोकं बाजूला घे, ताउनो," ती म्हणाली.

तिच्या हातात शिवणकाम नव्हतं. माझ्यामागे ती विजार होती. मी बाजूला झालो.