पाचवी पायरी

मी आम्रपालीताईंची वही बोलतेय. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, जन्म अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात. ताई येरवड्यात राहतात, सरकारी कचेरीत नोकरी करतात आणि सुट्टी मिळाली की मला पिशवीत घालून निघतात. कार्ले, जुन्नर, वेरूळ, रायगड, थेट गाविलगडसुद्धा. एसटी जाईल तिथवर एसटीनं, पुढं पायी.

लेण्याच्या ओट्यावर बसून त्या माझ्यात लिहीत, चित्रं काढत. "निवृत्त झाले की तुझं पुस्तक करीन," असं एकदा मलाच म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी नऊ वर्षं काढली.

कचेरीतला चेतन त्यांना धाकट्या भावासारखा. दोनदा सोबतही आला होता. सावलीत बसून डबा खाल्ला आणि उतरला. एक दिवस म्हणाला, "ताई, वही द्या ना. परवा आणून देतो."

ताईंनी दिली. त्यानं माझ्या पानापानाचे मोबाईलवर फोटो काढले. मी आपली उलटत गेले. परत आले ती चार महिन्यांनी.

मग त्याच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. ताईंना आमंत्रण होतं. पिशवीत मीही होते. व्यासपीठावरून चेतन वाचत होता ती वाक्यं माझ्या पोटातली! टाळ्या पडल्या. ताईंनी पुस्तक चाळलं; चित्रंही माझ्यातलीच, आणि ताईंचं नाव आभारातही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ताईंनी त्याला गाठलं. "चेतन, चित्रं माझी आहेत."

"अहो ताई, लेणी सगळ्यांची. चित्र कुणीही काढेल."

"पहिल्या चित्रातल्या लेण्याच्या दारापुढं पायऱ्या चार आहेत. मी चुकून पाच काढल्या. तुझ्याही पाचच कशा?"

चेतननं हातातलं पुस्तक मिटलं. मग हसला. "बरं झालं सांगितलंत. पुढच्या आवृत्तीत चार करतो."

ताईंनी पिशवी खांद्याला लावली. घरी येऊन त्यांनी मला कपाटात ठेवलं.

त्या अजून जातात. मागच्या रविवारी भाजे लेण्यांना गेल्या, रिकाम्या हातांनी. त्यांचा राग चेतनवर आहे की माझ्यावर, कळत नाही. कुणीही उघडलं तरी मी उघडते, हा माझा दोष खराच.

ताई, माझी एकोणतीस पानं अजून कोरी आहेत. मला पुन्हा न्या. पण आधी पहिल्या पानावर तुमचं नाव लिहा. नऊ वर्षांत ते राहूनच गेलं.