जवायाचा ओहम

माझी बहीण कुंता हिचं लग्न झालं ते साल १९५७. वैशाखात लग्न झालं आणि पोळ्यासाठी, सणाच्या चार दिवस आधीच, जवाई पहिल्यांदा सासुरवाडीला आला. आमचं गाव चामोर्शीपासून कोसभर. आम्ही तलावातली मासोळी धरणारे, थोडं धान पिकवणारे लोक. जवाई मनसाराम चांद्याला एका वायरमनच्या हाताखाली होता. सणाला येताना त्यानं सासूला लुगडं आणलं नाही, एक पेटी आणली. तीत रेडिओची मोठी बॅटरी, दोन पितळी दांडे आणि काट्याचं मीटर.

खाटेवर बसून तो म्हणाला, "बॅटरी नव्वद व्होल्टची हाय. आंगातून करंट किती गेला थे मीटर सांगते. व्होल्टले करंटनं भागलं का ओहम निघते. मानूस करंटले किती अडवते, थो त्याचा ओहम."

एवढं त्यानं बरोबर सांगितलं. मी अक्षरं आणि भागाकार शिकलो ते पुढं, चाळिशीत, तेव्हा ताडून पाहिलं.

पहिले दांडे आमच्या बाबांनी, उमाजीनं धरले. जाळ्याच्या दोऱ्या ओढून त्यांचे तळवे खुरासारखे झाले होते. काटा जेमतेम हलला, अँपिअरचा हजारावा भाग. मनसारामनं कोळशानं जमिनीवर मांडलं आणि ओरडला, "नव्वद हजार ओहम, मामाजी!"

झालं. बाबांची छाती पुढं आली. 'अडवते' एवढा एकच शब्द गावानं उचलला आणि ज्याचा ओहम मोठा तो मर्द, असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दारात रांग. देवाजीचा साठ हजार निघाला तर म्हणतो, "पुन्हा मोज, मी उपाशी हावो." लटारूनं तळव्यांना राख चोळून ऐंशी हजार करून घेतला आणि मग संध्याकाळपर्यंत तो कोणाशी धड बोलेना. ज्यांना स्वतःचं वय सांगता येत नव्हतं, त्यांना आपला ओहम तोंडपाठ झाला.

माझी धाकटी बहीण प्रेमिला म्हणाली, "भाऊजी, तुमचा त सांगा ना जी."

श्रावण सरत आला होता. उकाडा दमट, हाताला सारखा घाम. मनसारामनं दांडे धरले आणि काटा सहावर गेला.

"पंधरा हजार," तो हळूच म्हणाला.

"बापा! बुढ्याचा नव्वद अन् जवायाचा पंधरा?" लटारू म्हणाला. "उमाजीभाऊ, पोरगी काऊन देल्ली अशा घरी?"

"हाताले घाम हाय. वोल्या हातानं ओहम पडते."

"कुंताबाई, सुपानं वारा घाल नवऱ्याले," प्रेमिला म्हणाली. "ओहम वाढन थोडा."

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त. जवायाची थट्टा करायची रीतच आहे. शहाणा जवाई आपणही हसतो आणि विडा चघळतो. हा शहाणा नव्हता, नुसता शिकलेला होता.

रात्री जेवताना त्यानं जाहीर केलं, "भैयाजीच्या धानाच्या गिरणीत डायनामो हाय. दोनशेवीस व्होल्टचा. पोळ्याच्या दिवशी सगळ्यायपुढं त्याच्या तारा हातात धरतो. दोनशेवीसले पंधरा हजारानं भागा. अँपिअरचे हजार भाग केले त त्यातले पंधरा बी होत नाई. झटका बसन, मानूस मरत नाई."

"लोक दोन दिस हासतीन अन् भुलतीन," कुंता म्हणाली. "माह्यं कुंकू काऊन लावता डावावर?"

"हिशेब केला हाय मी."

ती बाबांकडे गेली. बाबा म्हणाले, "पहिला सन हाय. जवायाले कसा अडवू? रुसून गेला त?" नव्वद हजार ओहमचा माणूस, आणि त्याला एक जवाई अडवता येईना.

पोळ्याला भैयाजीनं तोरणावर विजेचे दिवे लावले होते, भर दिवसा. दिव्यांपेक्षा त्यांचा आकडाच तो जास्त मिरवत होता, आणि तो मनसारामनंच काढून दिला होता. शंभर वॅटचे दहा दिवे म्हणजे हजार वॅट. दोनशेवीसनं भागले की साडेचार अँपिअर. येईल त्याला भैयाजी हेच सांगत होता, जणू करंट त्याच्या शेतात पिकला होता.

मनसाराम सकाळी बाबांबरोबर तलावावर बैल धुवायला गेला आणि तिथून सरळ गिरणीवर आला. छातीपर्यंत भिजलेला, अनवाणी. ओल्या हातानं ओहम पडतो, हे त्यानंच सांगितलं होतं. पण सांगितलं होतं सबब म्हणून, आणि आपल्याच सबबीवर त्याचा विश्वास नव्हता. हिशेबात त्यानं धरला तो घामेजल्या तळव्यांचा पंधरा हजार. भिजल्या अंगाचा हजारभरही उरत नाही. दोनशेवीसला हजारानं भागा. अँपिअरचा पाचवा हिस्सा होतो, आणि त्याच्या निम्म्यातही माणूस वाचत नाही. हा भागाकार मी पुढं प्रौढांच्या शाळेत पाटीवर केला. पोरही करील असा आहे.

"धरा जवाईबापू!" लटारू ओरडला.

कुंता गर्दीतून धावत आली. सणाच्या दिवशी नवी नवरी गिरणीपुढं तमाशा करते म्हणून बायांनीच तिला मागं ओढलं. तोवर त्यानं दोन्ही हातांत तारा घेतल्या होत्या. तो ओरडलाही नाही. भैयाजीला इंजिन बंद करायचं सुचलं तेव्हा मनसाराम खाली पडला.

"ओहमच कमी होता त्याचा," असं लटारू मयतीवरून येताना म्हणाला, आणि चार जणांनी मान हलवली. त्यांतले एक बाबा होते.

कुंता सासरी गेली नाही, आमच्याकडंच राहिली. तिचा नवरा मनसाराम १९५७ च्या पोळ्याला, रविवारी, दिवस डोक्यावर यायच्या आत मेला. त्याचं वय बावीस होतं.