उजेड वाढवला

अब्दुल रहीमने रिमोटचं बटण दाबून धरलं आणि उजेडाचा आकडा शंभरावर नेऊन ठेवला. पडद्यावर भर उन्हातला कसोटी सामना चालू होता. खेळाडूंचे पांढरे कपडे असे काही पेटले, की दाराशी बसलेल्या मनकर्णाबाईंनी पदर ओढून डोळ्यांवर घेतला.

"आता?" रहीमने विचारलं.

"अजून जरासा वाढव," खुशालराव म्हणाले.

वाढवायला आता काही उरलंच नव्हतं. डाबकी रोडवरच्या या घरात तक्रारीवर आलेली रहीमची ही तिसरी खेप. दिवाळीत त्यानेच हा पंचावन्न इंची टीव्ही भिंतीला लावून दिला होता. पंधरा दिवसांत फोन आला, चित्र अंधुक आहे. रहीमला नवल वाटलं नाही. एचडीआर टीव्हीची ही रड घरोघरी असते. दुकानात झगमगाटात टीव्ही भडक करून ठेवतात, गिऱ्हाईक भुलतं, आणि घरी सिनेमातला अंधार खरोखरचा अंधार दिसायला लागला की दुकानदाराच्या नावाने खडे फोडतं. रहीमने उजेड साठावर नेला, तक्रारीच्या कागदावर त्यांची सही घेतली, खाली आपली केली, एक प्रत घरी ठेवली आणि निघाला. संक्रांतीला पुन्हा बोलावणं, ऐंशी केला. दोन्ही वेळा पाच मिनिटांत काम उरकलं, कारण पुढची चार घरं वाट पाहत होती.

आज मात्र मनकर्णाबाईंनी त्याला फाटकातच गाठलं होतं. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की त्या उजेडाने त्यांचं डोकं ठणकतं, डोळ्यांतून पाणी वाहतं. चाळीस वर्षं दोघं नवरा-बायको शेजारी बसून टीव्ही पाहत आले, आणि आता त्या स्वयंपाकघरात बसून नुसता आवाज ऐकतात.

"पन माहं राहू द्या," त्या म्हणाल्या. "यंदा जिनिंगवाल्यायनं त्यायले एकदाबी बोलावलं नाई. मानूस आतून खचून राहिला."

हे ऐकून रहीमलाही वाईट वाटलं. खुशालरावांचं सगळं नाव त्यांच्या नजरेवर उभं होतं. उभा जन्म त्यांनी जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात घालवला. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, खिडकीशी नेऊन पाहायचा आणि एका शब्दात सांगायचं. पार तेल्हाऱ्याचे व्यापारी तो शब्द मानायचे. निवृत्तीनंतरही दर हंगामात त्यांना मानाने नेत. गेल्या वर्षी मात्र पिवळी कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, मिसळलेला अख्खा ढीग त्यांनी पांढराशुभ्र म्हणून पास केला. अजूनही त्यावर ते कुणाचं ऐकून घेत नाहीत. जिनिंगमधले नवे दिवेच खोटे, असं त्यांचं म्हणणं.

रहीमने खोलीभर नजर फिरवली. एका भिंतीवर तीन ट्यूबलाइट, त्यातल्या दोन कोऱ्या. भर दुपारी तिन्ही चालू. त्याने रिमोट बाजूला ठेवला.

ज्या उस्तादांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते सांगायचे, उजेड लावताना पडद्याकडे पाहू नको, माणसाकडे पाहा. त्याचे डोळे बारीक झाले की थोडा मागे ये, तोच त्या घराचा उजेड. इतकी वर्षं रहीमने घराघरांत हेच केलं. या घरात दोनदा आला आणि दोन्ही वेळा केलं नाही.

आता त्याने पाहिलं. शंभरावर जळणाऱ्या पडद्यापासून चार हातांवर खुशालराव बसले होते आणि त्यांचे डोळे सताड उघडे होते. कपाळावर एक आठी नव्हती.

"काका, एकेक डोळा झाकून पाहू. आधी उजव्या डोळ्यावर हात ठेवा अन् सामना पाहा," रहीम म्हणाला.

खुशालरावांनी हात ठेवला.

"चित्र काहून बंद केलं?" त्यांनी विचारलं. "आवाज तं येऊन राहिला."

मनकर्णाबाईंचा पदर खाली आला. त्यांनी लखलखत्या पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काढा हात, काका."

"हां, आलं पाय चित्र." खुशालराव खूश झाले. "म्या म्हनत नव्हतो? वायरमंदीच लोचा हाय तुह्या. आता उजेड वाढवला की झालं."

हो म्हणावं, सही घ्यावी आणि फाटकाबाहेर पडावं, असं रहीमला क्षणभर फार वाटलं. मग तो त्यांच्यासमोर फरशीवरच बसला. टीव्ही धडधाकट आहे, चित्र कुठे गेलं नव्हतं, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं, असं त्याने हळूहळू सांगितलं. डाव्यात काही उरलं असेल तर ते राखायला, आणि उजवा वाचवायला.

खुशालराव भांडले नाहीत. त्यांनी स्वतःच हात उचलला आणि उजवा डोळा झाकला. काढला. पुन्हा झाकला. एखादा ढीग पास करण्याआधी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चिमूट काढून पाहावी, तसं ते बराच वेळ करत राहिले.

रहीमने टीव्ही बंद केला आणि मागचे दोन कागद आहेत का म्हणून विचारलं. मनकर्णाबाईंनी कपाटातून ते आणून दिले. त्याने उलगडून पाहिले आणि त्यांनाच परत केले.

"हे संग घेऊन जा, काकू. कवापासून म्हनून डॉक्टर विचारन. याच्यावर तारखा हायेत."

"काय लिवलं हाय?" खुशालरावांनी विचारलं. हात अजून डोळ्यावरच होता.

मनकर्णाबाईंनी दोन्ही कागद पुन्हा रहीमकडे दिले. त्याने पहिला वाचला, "चित्र अंधुक. उजेड वाढवला. ग्राहक समाधानी."

"अन् दुसऱ्यावर?"

"तेच हाय, काका."

"खाली सही कोनाची?"

रहीमने कागदांची घडी घातली.

"आपल्या दोघायची," तो म्हणाला.